वाराला दहा पेनी

कोंडीराम भिवा कासारे हा माणूस कधी स्वस्थ बसलेला कुणी पाहिला असेल, तर त्याने पुढे येऊन सांगावं. करी रोडच्या चाळीत जेवायला बसला तरी त्याचा एक गुडघा हलत असे. ट्राममध्ये बसायला जागा मिळाली तरी दोन थांब्यांनंतर उठून दांडा धरून उभा राही. आणि बोलता बोलता समोरच्याच्या सदऱ्याची बाही चिमटीत धरून चोळून बघायची त्याला भारी खोड. नव्या माणसाला वाटे, हा आपल्या अंगावरचा मळ काढतोय की काय! तो किंमत काढत असे. परदेशी जाणाऱ्या मालाची खरी किंमत किती, ती सरकारला काय सांगावी, तीत काय धरावं आणि काय सोडावं, याचा सल्ला देणं हा त्याचा धंदा. पुढे पुढे बॅलार्ड पियरवर मोठाले व्यापारी 'आधी कासारेंना विचारा' म्हणू लागले. पण ही गोष्ट त्याच्या फार आधीची, सत्तावन्न सालच्या डिसेंबरातली. तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता आणि आपल्याला सगळं येतं असं त्याला वाटत होतं.

त्याचे वडील भिवा परळच्या एका मिलमध्ये रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात, तीस वर्षं उभे होते. पोरगा मॅट्रिक झाला तेव्हा म्हाताऱ्याने त्याला बजावलं होतं, 'मिलच्या दारात दिसलास तर तंगडी मोडीन.' म्हणून कोंडीराम मनमोहन त्रिलोकेकरांच्या ऑफिसात पट्टेवाला म्हणून चिकटला. त्रिलोकेकर म्हणजे गिरगावचे, फणसवाडीतलं जुनं प्रभू घराणं. आजे-पणजे सरकारी कचेऱ्यांत कारकुनी करून घरं बांधून गेले, नातवाने बॅलार्ड पियरला क्लिअरिंग एजंटाचं ऑफिस काढलं. व्यापाऱ्यांचे कागद तयार करायचे, कस्टममध्ये मंजूर करून घ्यायचे आणि माल जहाजात चढवून द्यायचा, हा त्यांचा व्यवसाय. कोंडीराम वर्षभर नुसते कागद वाहत होता. दुसऱ्या वर्षी तो कागद वाचू लागला. तिसऱ्या वर्षी एका कागदातली बेरजेची चूक त्याने साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी चष्मा पुसला, त्याला समोर बसवलं आणि टेबलाच्या मधोमध एक फूटपट्टी आडवी ठेवली.

'हा जहाजाचा कठडा,' ते म्हणाले. 'कठड्याच्या अलीकडे जेवढा खर्च झाला तेवढी मालाची किंमत. मिलचा भाव, गासड्यांची बांधणी, गाडीभाडं, हमाली, गोदीचा आकार, सगळं धरायचं. कठड्यापलीकडे जे लागतं, बोटीचं भाडं, विम्याचा हप्ता, ते समुद्राचं. ते आपल्या किमतीत नाही. मोंबासाचा व्यापारी घरपोच भाव सांगेल. त्यातून समुद्राचं वजा कर आणि मागे मागे कठड्यापर्यंत ये.'

कोंडीरामच्या डोक्यात ती पट्टी जी बसली ती बसलीच. लालबागच्या नाक्यावर नारळांची गाडी दिसली की त्याचा हिशेब सुरू. नारळ इतक्याचा, पोतं इतक्याचं, गोदीपर्यंत गाडीभाडं इतकं. त्यात त्याच वर्षी आणे-पैसे जाऊन नवे पैसे आले होते, सगळी मुंबई सुट्ट्यावरून वाण्याशी भांडत होती, आणि हा गडी आण्याचे पैसे, पैशाचे पेनी अशा उड्या मारत चालला होता. बायको बकुळा म्हणायची, 'माझं लुगडं तरी सोडा! अंगावर असताना कसला भाव काढताय?'

आता त्याच्या जिवाला लागलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे सहीचा पास. कस्टममध्ये कागदावर सही करायचा अधिकार ऑफिसात दोघांनाच होता, खुद्द साहेबांना आणि त्यांचे चुलतभाऊ श्यामकांत यांना. श्यामकांत प्रकृतीमुळे घरी बसले होते. त्यांच्या जागी ज्याला फोटोचा पास मिळेल, तो मालाची किंमत सांगायला आणि सल्ला द्यायला मोकळा. नाहीतर जन्मभर दुसऱ्याच्या सहीसाठी कागद तयार करायचे. साहेब म्हणाले होते, 'हा महिना पाहतो, मग तुझं नाव पाठवतो.' त्या महिन्याचा एकेक दिवस कोंडीरामला खायला उठत होता. चाळीत बुद्धवंदना सुरू होऊन वर्ष झालं होतं. शेजारपाजारचे लोक संध्याकाळी शांत बसून पाठ म्हणत आणि हा मधूनच उठून गॅलरीत येरझारा घाली.

त्या सोमवारी मूळराज शेठचे कागद आले. चाळीस गासड्या, कोरं जाडं कापड, मोंबासाला रवाना. बोट शनिवारची. भाव लिहिला होता वाराला आठ पेनी. कोंडीराम शेठच्या वखारीत गेला, एका गासडीतून वारभर नमुना कापून आणला आणि ऑफिसच्या पितळी काट्यावर ठेवला. चार औंस भरला. सूत ओळखण्यात तर त्याचा हात कुणी धरला नसता. ते शिक्षण बापाकडून आलेलं. त्याने एक धागा उसवला, चिमटीत पीळ सोडवला आणि वीस नंबरी सूत असल्याचं नुसत्या बोटांनी सांगितलं. मग कागदावर मांडलं. इतक्या वजनाला इतकं सूत, त्या सुताचा आजचा भाव, वर विणाई, बांधणी, गोदी. कापडाला खळ, म्हणजे कांजी, असते हे त्याला ठाऊक होतं. बाप म्हणायचा, शेराला छटाक, म्हणजे सोळावा हिस्सा. तेवढी त्याने वजा केली. उत्तर आलं दहा पेनी.

दहा आणि आठ.

त्याचा अर्थ त्या दिवसांत कुणालाही समजला असता. देशाकडे परकीय चलन उरलं नव्हतं, निर्यातीचा पैसा पुरता देशात आणायचा असा सक्त कायदा होता, आणि काही व्यापारी कागदावर भाव कमी दाखवून वरचा पैसा परदेशातच ठेवत. मूळराज शेठ वाराला दोन पेनी मोंबासात ठेवतोय, असं कोंडीरामने मनाशी पक्कं केलं. आणि खरं सांगायचं तर त्याने हे नुसतं काट्यावरून पक्कं केलं नव्हतं. हवाच तशी होती. मुंबई महाराष्ट्राला मिळू नये म्हणून शेठ मंडळी पैसा ओततात, असं रोज सभेत ऐकायचं, गोळीबारात मेलेल्यांची नावं घ्यायची, आणि सकाळी ऑफिसात येऊन गुजराती नावाचा कागद हातात धरायचा. त्याच भावाचा कागद एखाद्या परळकराचा असता, तर कोंडीरामने नमुना पुन्हा एकदा तपासला असता. ते त्याने केलं नाही.

मंगळवारी शेठ आले. साठीचे, धोतर, काळी टोपी, दम लागत होता. साहेबांच्या समोर कोंडीरामने मांडणीतले शेवटचे आकडे वाचून दाखवले. आवाज जरा जास्तच चढला होता.

'अरे भाई, मिलचा बिल हाय ना,' शेठ म्हणाले. 'आठ पेनीच्या वर मला एक पाई भेटत नाय.'

'बिल काय, कसंही बनवता येतं,' कोंडीराम म्हणाला.

शेठने त्याच्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे वळून म्हणाले, 'तुमी बोला, त्रिलोकेकर.'

साहेबांनी मांडणी दोनदा वाचली. त्यांना कागद कळे, कापड कळत नसे. गिरगावात कोणाला कळतं? ते म्हणाले, 'शेठ, माझ्या माणसाला शंका असताना आठ लिहून कागद पुढे पाठवणं मला जमणार नाही. दुसऱ्या एजंटाकडे जायचं तर खुशाल जा.'

दुसरा एजंट बघेपर्यंत बोट सुटली असती, आणि ही बोट चुकली तर मोंबासाचा व्यापारी सौदा मोडणार होता. शेठने टोपी काढून हातात घेतली. 'लिखो दहा,' ते शेवटी म्हणाले आणि उठून गेले.

झालं! दहा लिहून कागद कस्टममध्ये गेला. साहेबांनी त्याच दुपारी कोंडीरामच्या पासचा अर्ज टाइप करून घेतला आणि आपल्या ट्रेमध्ये सहीसाठी ठेवला. 'श्यामकांतच्या खुर्चीवर बस,' म्हणाले. कोंडीराम बसला. त्याला वाटलं होतं, आता तरी जीव थाऱ्यावर येईल. पण बुधवारभर तो त्या खुर्चीवरून उठत-बसत होता आणि शेठची ती नजर काही केल्या जाईना. चोर पकडला गेला की चिडतो, गयावया करतो, तडजोड करू बघतो. हा नुसता बघत का राहिला?

गुरुवारी संध्याकाळी मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून झगडणाऱ्या समितीच्या सभेची पोस्टरं चिकटवायची होती. बरोबर होता गणपत, लालबागच्या मिलमधला साचेवाला, म्हणजे कापड विणणारा. मूळचा मालवणकडचा. छप्पनच्या जानेवारीत दोघांना एकाच मोर्चातून उचललं होतं. कोठडीत दोन दिवस एकाच अॅल्युमिनियमच्या ताटलीत दोघांनी आमटीभात कालवला होता. तेव्हापासून गणपत त्याला तू म्हणे आणि त्याच्या घरी चहाला येई. चिंचपोकळीच्या पुलाखाली एका भिंतीला खळ फासता फासता कोंडीरामने खिशातून तो नमुना काढला. शेठची चोरी कशी पकडली, ते रंगवून सांगितलं.

गणपतने हात धोतराला पुसले, नमुना घेतला आणि नुसता दोन्ही मुठींत धरून चुरगळला. मग दिव्याखाली नेऊन झटकला. पांढरी पूड उडाली. त्याने कापडाचा कोपरा जिभेला लावला आणि थुंकला.

'ह्या वजन तुया काट्यार घातलंस?'

'चार औंस.'

'नि सूत किती धरलंस?'

कोंडीरामने सांगितलं. गणपत हसायला लागला. 'अरे, ह्येच्यात सूत खंय आसा येवढा? ही तर भिंत आसा भिंत! आफ्रिकेक जाता त्या मालात पाव हिसो चिनी माती घालतत. खळीत कालवून. घट्ट लागता हाताक, गिऱ्हाईक खूश. शेराक छटाक खळ मलमलीक, ह्या कापडाक नाय. तुका कोणी सांगल्यान?'

'बाबांनी.'

'बापाशीन साचा खाता बघल्यान हा?'

कोंडीरामने नमुना परत खिशात घातला. पोस्टरं गणपतच्या हातात देऊन तो चालायला लागला.

घरी येऊन त्याने बकुळाला तो तुकडा दिला. 'सोड्याच्या गरम पाण्यात घाल, चांगला आपट, खळखळ धू.' तिने धुतला. बादलीतलं पाणी तांदूळ धुतल्यासारखं पांढरं झालं. पिळून झटकला तेव्हा त्या जाड्या कापडातून पलीकडची भिंत दिसत होती. बकुळा म्हणाली, 'अगं बाई, हे काय झालं? पहिल्या धुण्यात संपलं की!'

भिवा खाटेवर बसून बघत होते. कोंडीराम त्यांच्यावर खेकसला, 'बाबा, शेराला छटाक तुम्ही कुठून आणलंत?'

'जेवायच्या सुट्टीत कुनी तरी बोलत व्हता, ते आयकलं,' म्हातारा म्हणाला. 'आरं, मी सूत काढलं तीस वर्सं. त्येचं फुडं काय हुतं ते मी बघितलं न्हाय. त्या खात्यात आमाला घेत नव्हते.' जराशाने तो म्हणाला, 'तुला सांगाया पायजे हुतं. पन काय सांगनार? आपल्याला म्हाईत न्हाय, हे पोराला सांगवत न्हाय.'

कोंडीरामचा राग तिथल्या तिथे ओसरला आणि त्याची जागा भीतीने घेतली. तो गॅलरीत गेला. हिशेब आपोआप सुरू झाला. थांबवता येत नव्हता. चाळीस गासड्या, गासडीत दीड हजार वार, साठ हजार वार. वारामागे दोन पेनी. एक लाख वीस हजार पेनी, अठरा पेनीचा रुपया. सहा हजार सहाशे सहासष्ट रुपये. मोंबासाचा व्यापारी आठच पेनी देणार. बँक दहाने मागणार. मधले साडेसहा हजार, जे कधी अस्तित्वातच नव्हते, ते कुठे दडवलेत म्हणून सरकार मूळराज शेठला जाब विचारणार. सहा महिन्यांनी, वर्षाने. तोवर कोंडीरामच्या खिशात पास असणार. आणि या सगळ्याचा उगम त्या काट्यावर आहे, हे त्याच्याशिवाय कुणाच्या ध्यानातही येणार नाही. शेठला कापड कळत असलं तरी कोंडीरामने काय वजा केलं आणि काय केलं नाही, हे त्याला कुठे माहीत?

मूग गिळून बसणं एवढं सोपं होतं, की त्याला स्वतःचीच किळस आली. खरं सांगायचं तर ती रात्रभर टिकली नाही. मधूनच त्याला वाटे, मरो तो शेठ, त्याला काय कमी आहे? मधूनच वाटे, साहेबांनी अर्जावर सही केली असेल आत्तापर्यंत. पहाटे तो उठला तेव्हा वाळलेला तुकडा दोरीवरून काढून त्याने घडी करून खिशात ठेवला, पण तो कशासाठी, हे त्याचं त्यालाही नक्की माहीत नव्हतं.

शुक्रवारी ऑफिसात पहिला तोच पोचला. तुकडा काट्यावर ठेवला. तीन औंस. त्याने काटा हलवून पुन्हा ठेवला. तीनच. साहेब आले, कोट खुंटीला लावला. ट्रेमधला अर्ज सही होऊन वर पडला होता.

'साहेब, दहा पेनी चुकलं. माझं चुकलं. शेठचे आठ बरोबर आहेत,' कोंडीराम उभ्या उभ्याच म्हणाला आणि तुकडा पुढे ठेवला.

त्याने सगळं सांगितलं. साहेबांचा चेहरा आधी गोंधळला, मग तापला. 'अरे, पण तुझे वडील तीस वर्षं मिलमध्ये! गिरणगावातलं शेंबडं पोरही हे सांगेल असं मला वाटलं होतं. म्हणून तर तुझ्या शब्दावर मी त्या म्हाताऱ्याला दहा लिहायला लावलं! तुला एवढंही ठाऊक नाही?'

'नाही, साहेब.'

'का नाही?'

कोंडीरामने सांगितलं, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. 'विणताना धोट्यातलं सूत संपलं की नवी कांडी घालतात. तिचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायला तोंड लावून ओढावं लागतं. तोच धोटा मग दुसऱ्याच्या हातात जातो, त्याच्या तोंडात जातो. आमच्या माणसाच्या तोंडचा धोटा तोंडात धरायला कुणी तयार नव्हतं. म्हणून आम्हाला साचा खात्यात घेत नव्हते. बाबांनी सूत काढलं, साहेब. कापड त्यांना कुणी दाखवलं नाही.'

त्रिलोकेकर पन्नास वर्षं मुंबईत राहत होते. दर महिन्याला हजारो गासड्या त्यांच्या कागदांवरून जात. त्यांनी हे ऐकलं नव्हतं. त्यांनी तुकडा उचलला, खिडकीकडे धरून पाहिला, पुन्हा खाली ठेवला.

'बरं,' ते अखेर म्हणाले. 'मी दुरुस्तीचा अर्ज देतो. टाइपिंगची चूक म्हणून. माझी सही आहे, कोणी विचारणार नाही. तुझं नाव यायचं कारण नाही. पासही अडणार नाही.'

केवढा मोठा माणूस! आणि केवढा मोठा मोह! कोंडीरामचा हात त्या अर्जाकडे जाता जाता राहिला. 'टायपिस्टची चूक नाही ना, साहेब,' तो म्हणाला. 'आणि आठ लिहून पुढचा माल गेला, की पुढचा तपासनीसही माझ्यासारखाच काट्यावर ठेवील आणि शेठला पुन्हा चोर म्हणेल. खरं कारण लिहू द्या. कुणी किंमत काढली तेही लिहा.'

'अरे, चुकीची किंमत काढणारा म्हणून तुझं नाव कस्टमच्या फायलीत जाईल. त्याच आठवड्यात तुझा पासचा अर्ज मी कुठल्या तोंडाने पाठवू?'

'नका पाठवू.'

साहेबांनी अर्ज ट्रेमधून उचलला आणि खणात टाकला. खण लावून घेतला. 'सहा महिने,' ते म्हणाले, आणि ते रागाने म्हणाले की कौतुकाने, हे कोंडीरामला त्या दिवशी कळलं नाही.

दुरुस्तीचा मजकूर कोंडीरामने स्वतः लिहिला, धुतलेला आणि वखारीतून नव्याने कापून आणलेला कोरा असे दोन तुकडे जोडले आणि कस्टम हाऊसच्या तपासनिसासमोर दीड तास उभा राहिला. त्या गृहस्थांनी दोन्ही तुकडे चोळून पाहिले, चार प्रश्न विचारले, एकदा 'इतके दिवस काय झोपा काढत होता?' असं म्हणून घेतलं, आणि आठ पेनी मंजूर केलं. तिथून तो चालत मूळराज शेठच्या पेढीवर गेला. शेठ गादीवर बसले होते. त्याने हात जोडले आणि जे झालं ते सांगितलं.

शेठने ऐकून घेतलं. 'कागद तर सुधारला तुमी,' ते म्हणाले. 'चांगला केला. पण मंगळवारपासून आजपर्यंत मी घरी जेवायला बसलो तरी चोर होता. माझ्या पोराने विचारला, बापुजी, दहा का लिखवला? मी त्याला काय सांगणार?'

लहानपणापासून ज्याला काही न करता लोकांनी हलका ठरवून टाकलं होतं, त्याने काही न विचारता एका म्हाताऱ्याला चोर ठरवून टाकलं होतं. कोंडीरामला भयंकर लाज वाटली. त्याने पुन्हा हात जोडले. शेठ त्याला 'बसा' म्हणाले नाहीत, पण पाणी मागवलं, आणि ते पिऊन तो निघाला. शनिवारी गासड्या चढल्या आणि बोट सुटली.

सोमवारी त्याने साहेबांकडे एकच गोष्ट मागितली, गणपतच्या मिलच्या विणाई मास्तरांना चिठ्ठी. 'कापड बघायचंय, साहेब. मुळापासून.' साहेबांनी तिथल्या तिथे लिहून दिली. दोन दिवसांनी दुपारच्या पाळीला जॉबरने, म्हणजे खात्याच्या मुकादमाने, त्याला साचा खात्याच्या दारातून आत घेतलं. त्याच्या घरातलं कुणी अशा दारातून आत गेलं नव्हतं. तिथल्या आवाजात त्याचं स्वतःचं पाऊलही त्याला ऐकू आलं नाही. शेकडो साचे एकदम खडखडत होते. माणसं एकमेकांशी नुसते ओठ हलवून बोलत होती, हातांनी खुणा करत होती, आणि सगळ्यांना सगळं कळत होतं.

गणपतने त्याला आपल्या दोन साच्यांच्या मधे उभं केलं. ताणा, म्हणजे साच्यावरचे उभे धागे, दाखवला, त्यावरची खळ नखाने खरवडून दाखवली, बोटाएवढ्या जागेत किती धागे ते मोजायला लावलं. मग एका धोट्यातलं सूत संपलं. गणपतने नवी कांडी बसवली आणि धोटा कोंडीरामपुढे धरून तोंडाने हवा ओढल्याची खूण केली. ओढ!

कोंडीरामने धोटा घेतला. लाकूड गुळगुळीत होतं, तेलकट. त्याने भोकाला ओठ लावले आणि श्वास ओढला. पहिल्या वेळी काही आलं नाही, दुसऱ्या वेळी सुताचं टोक जिभेवर आलं. कापसाची तीच चव, जी बापाच्या सदऱ्याला यायची. त्याने टोक दातांत धरून दाखवलं आणि धोटा परत दिला. गणपत हसला. हसता हसताच त्याने तो सदऱ्याच्या बाहीवर पुसला आणि साच्यात टाकला.

कोंडीरामने शेजारच्या साच्याकडे पाहिलं. तिथे एक साचेवाला दुसऱ्याने भरून दिलेला धोटा घेत होता. तो पुसत नव्हता. त्याच्या पलीकडेही कुणी पुसत नव्हतं.

गणपतने त्याची नजर पाहिली. ती कुठे गेली आणि कुठून परत आली, तेही पाहिलं. त्याचं हसू गेलं, चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्याने साचा थांबवला. तो जवळ आला, कोंडीरामच्या कानाला तोंड लावून ओरडला, 'हातान् झाला रे! चुकलां माझां!' आजूबाजूचे चार-पाच साचेवाले मान वळवून बघू लागले. स्वतः मांडलेला आकडा स्वतः खोडताना कसं होतं, हे कोंडीरामला पाच दिवसांपूर्वीच कळलं होतं. त्याने मान हलवली.

गणपतने धोटा बाहेर काढला, सुताचं टोक तोडून पुन्हा आत ढकललं आणि त्याच्या हातात दिला. कोंडीरामने पुन्हा ओढलं. टोक अर्धंच आलं आणि अडकलं. गणपतने तो ओला धोटा त्याच्या हातून घेतला, तसाच तोंडाला लावला, उरलेलं सूत ओढून काढलं आणि साचा सुरू केला. जॉबर येऊन क्षणभर उभा राहिला, दोघांकडे बघून पुढे गेला. पाळी सुटेपर्यंत त्या दोन साच्यांवरच्या कांड्या दोघांनी आळीपाळीने ओढल्या.